घरातील संपलेले सेल आणि बॅटऱ्या: बेळगावात नेमक्या कोणाला द्याव्यात?

टिळकवाडीकर

दिवाळी संपली की आपल्याकडे प्रत्येक घरात संपलेल्या सेलची भर पडते. मुलांच्या किल्ल्यावरचे दिवे, प्लास्टिकच्या पणत्या, माळा आणि खेळणी यांतील सेल आठवडाभरात निकामी होतात, त्यात रिमोट, भिंतीवरचे घड्याळ, रक्तदाब मोजण्याचे यंत्र आणि वजनकाटा यांचे वर्षभर साठलेले सेल मिसळतात, आणि ती पिशवी शेवटी सुक्या कचऱ्याबरोबर गाडीत जाते. शहराचा कचरा तुरमुरीला जातो हे सर्वांना ठाऊक आहे. तेथे गेल्यानंतर रिमोटमधील दोन सेल कोणी वेचून बाजूला काढील, अशी अपेक्षा ठेवणे मला तरी भाबडेपणाचे वाटते.

केंद्र सरकारच्या २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घरगुती घातक कचरा हा ओल्या आणि सुक्या कचऱ्यापासून वेगळा तिसरा प्रकार मानला. वापरलेल्या बॅटऱ्या, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधे, रंगाचे डबे, तापमापक आणि सुया यांचा त्यात समावेश होता. असा कचरा स्वीकारण्यासाठी दर २० चौरस किलोमीटरला किंवा त्याहून लहान क्षेत्राला एक केंद्र असावे, असेही त्यात म्हटले होते. आपल्या महापालिकेची हद्द सुमारे ९४ चौरस किलोमीटर धरली तर या हिशेबाने किमान पाच केंद्रे होतात. आपापल्या वॉर्डातील अशा जागेचा पत्ता ज्यांना ठाऊक असेल त्यांनी तो येथे लिहावा, म्हणजे सर्वांची सोय होईल.

तोपर्यंत आमच्या कॉलनीच्या वाचनालयात एक मोठी बरणी ठेवून सर्व घरांचे सेल गोळा करावेत आणि बरणी भरली की ते अधिकृत संस्थेला द्यावेत, असा विचार आहे. यात काही धोका आहे का, हे जाणकारांनी सांगावे.

उद्यमबागचा कारागीर

टिळकवाडीकर सर, विचार चांगला आहे, परंतु सर्वांसाठी एकच बरणी ठेवणार असाल तर न ठेवलेली बरी. मी विजेच्या उपकरणांच्या दुरुस्तीचे काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

एखाद्या सेलवर उपकरण चालत नाही, याचा अर्थ त्यात काहीच उरलेले नाही असा होत नाही. दीड व्होल्टचा पेन्सिल सेल १.१ व्होल्टपर्यंत उतरला की खेळण्याची मोटर फिरत नाही, परंतु भिंतीवरचे घड्याळ त्याच सेलवर पुढे काही महिने चालते. (हा उपाय सर्वांनी करून पाहावा. टाकायचे सेल आपोआप कमी होतात. मात्र जुना आणि नवा सेल एकाच उपकरणात जोडीने घालू नये, कारण अशा जोडीत दुबळा सेल अतिरेकी उतरतो आणि गळू लागतो.) असे अर्धवट जिवंत सेल बरणीत एकमेकांवर पडले तर टोके टेकून ते तापू शकतात. पेन्सिल सेलच्या बाबतीत हा धोका कमी असतो. नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीची दोन्ही टोके मात्र एकाच बाजूला, बोटभर अंतरावर असल्यामुळे त्यांच्यावर दुसऱ्या सेलचे पत्र्याचे अंग आडवे पडले तरी पुरते. तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावल्याशिवाय ती कोठेही ठेवू नये.

खरी काळजी लिथियमची आहे. मोबाइल, लॅपटॉप, पॉवर बँक, कानात घालायचे बिनतारी हेडफोन, दाढीचे ट्रिमर, चार्जिंगची विजेरी, उडणारी खेळणी, या सर्वांत लिथियम-आयन बॅटरी असते. तिच्या आत धातूच्या दोन पातळ पट्ट्या गुंडाळलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये केसाहूनही पातळ असा प्लास्टिकचा पडदा असतो. आतला द्रव पाण्यासारखा निरुपद्रवी नसून पेट घेणारा असतो. बॅटरी चेपली, वाकली किंवा तिला खिळा लागला तर पडदा फाटतो, दोन्ही पट्ट्या एकमेकींना टेकतात, उष्णता निर्माण होते आणि त्या उष्णतेने आतली रासायनिक क्रिया आणखी वेग घेते. मग ती थांबवणे आपल्या हातात राहत नाही, आणि शेजारी आणखी बॅटऱ्या असतील तर त्याही एकामागून एक पेटतात. त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात, म्हणून जवळ जाऊन पाहण्याचे धाडस करू नये, खोली सोडून अग्निशमन दलाला कळवावे. कचरा दाबून भरणाऱ्या गाडीत पॉवर बँक टाकणे म्हणजे नेमके हेच घडवून आणणे होय.

म्हणून बरणीच्या जागी निदान तीन भांडी ठेवावीत, आणि ती ओळखीची व्हावीत म्हणून त्यांवर प्रत्यक्ष नमुना चिकटवावा, कारण आमच्या दुकानात येणारी निम्मी मंडळी बॅटरीवरचे बारीक अक्षर वाचत नाहीत. पेन्सिल सेल आणि मोठे टॉर्चचे सेल प्लास्टिकच्या कोरड्या डब्यात ठेवावेत. डबा हवाबंद नको, कारण गळक्या सेलमधून थोडा वायू सुटतो. बटण सेल दोन चिकटपट्ट्यांच्या मध्ये एकेक करून चिकटवावेत आणि मुलांचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर ठेवावेत. लिथियमची प्रत्येक बॅटरी टोके झाकून स्वतंत्र पिशवीत घालावी आणि पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूत ठेवावी. हा डबा वाचनालयाच्या आत, पुस्तकांजवळ मुळीच नको. बाहेर, छपराखाली, भिंतीपासून दूर ठेवावा. फुगलेली बॅटरी डब्यातही घेऊ नका. ज्याची असेल त्याने ती थेट पोहोचवावी.

अनगोळकर

लिथियमचे समजले, परंतु साध्या पेन्सिल सेलचा एवढा बाऊ कशासाठी, हा माझा प्रामाणिक प्रश्न आहे. पूर्वी त्यांत पारा घालत असत, आता घालत नाहीत. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत असे सेल घरच्या कचऱ्यात टाकण्याची मुभा आहे, असे माझ्या तेथील भाच्याने सांगितले. जस्त आणि मँगनीज हे तर खतांतही असतात. आपण आपली शक्ती मोबाइलच्या आणि इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांवर खर्च करावी आणि या किरकोळ सेलचा नाद सोडावा, असे वाटते.

वडगाव शिवार

अनगोळकर दादा, आपला मुद्दा शहराच्या बाजूने पाहिला तर बरोबर वाटतो. आमच्या शेताच्या बाजूने तो तसा दिसत नाही. शहराचा बळ्ळारी नाला वडगाव-शहापूरच्या शिवारातील भातजमिनींच्या कडेने पुढे जातो आणि मार्कंडेय नदीला मिळतो, हे येथील बहुतेकांना माहीत असेल. पावसाळ्यात नाला पात्र सोडतो आणि शहराने टाकलेले जे काही तरंगते किंवा वाहते ते वाफ्यांत येऊन बसते. पाणी ओसरल्यावर गाळात प्लास्टिक, काचा आणि सेल मिळतात. साध्या सेलचे बाहेरचे भांडेच जस्ताचे असते आणि वीज देताना तेच झिजत जाते, त्यामुळे गाळात सापडणारा सेल बहुधा एका बाजूने खाल्लेला असतो, वरचा रंगीत पत्रा गंजून सुटलेला असतो, आणि दाबला तर आतला काळा लगदा बोटांना लागतो. जस्त खतांत असते हे खरे, परंतु खत आम्ही माती तपासून आणि मोजून टाकतो. नाल्याचा गाळ कोणी मोजून पाठवत नाही.

शिवाय गाळातला कोणता सेल पाऱ्याचा, कोणता कॅडमियमचा आणि कोणता साधा, हे आम्ही कसे ओळखावे? चिखलात सर्व सारखेच दिसतात.

उद्यमबागचा कारागीर

वडगावकरांच्या शेवटच्या वाक्यात उत्तर आहे. कॅडमियमचे चार्जिंग सेल जुन्या कॉर्डलेस फोनमध्ये, आणीबाणीच्या दिव्यांत आणि ट्रिमरमध्ये सर्रास असत आणि ते आकाराने पेन्सिल सेलसारखेच दिसतात. कॅडमियम मूत्रपिंडाला आणि हाडांना घातक आहे आणि भाताच्या दाण्यात ते जमिनीतून सहज चढते, म्हणून भाताच्या पट्ट्यात तर ते मुळीच येता कामा नये. ‘पेन्सिल सेल टाकले तरी चालतात’ अशी सूट दिली की त्या सुटीच्या आडून हे सेलही जातात.

अमेरिकेतील मुभा सर्व राज्यांत नाही. कॅलिफोर्नियात साधे सेलही घरच्या कचऱ्यात टाकता येत नाहीत, आणि युरोपीय संघाने २००६ पासूनच सर्व प्रकारच्या बॅटऱ्या वेगळ्या गोळा करणे सदस्य देशांवर बंधनकारक केले आहे. पण ते दूरचे झाले. आपल्याकडचा कायदाच पुरेसा स्पष्ट आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये निघालेले बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम रसायन, आकार, वजन आणि उपयोग कोणताही असला तरी सर्व बॅटऱ्यांना लागू आहेत. त्याआधीचे २००१ चे नियम फक्त शिसे-आम्लाच्या बॅटऱ्यांपुरते होते. नव्या नियमांनुसार बॅटरी जमिनीत पुरण्यास आणि जाळण्यास मनाई आहे, आणि ती इतर कचऱ्यात न मिसळता वेगळी देणे हे ग्राहकाचे कर्तव्य ठरवले आहे. सेलवर काट मारलेल्या चाकांच्या कचरापेटीचे जे चिन्ह असते, ते याचसाठी.

परिचारिका, शहापूर

बटण सेलविषयी एक गोष्ट वेगळी लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण वाचनालयात किंवा घरात डबा ठेवला की तेथे मुले येणारच. सीआर-२०३२ हा सेल २० मिलिमीटर रुंद असतो. लहान मुलाने तो गिळला तर तो अन्ननलिकेत अडकण्याची शक्यता मोठी असते. तो फोडला जाऊन आतले रसायन बाहेर पडते म्हणून इजा होते, असा समज आहे, परंतु तसे नाही. ओलसर अस्तराला टेकताच सेलमधून वीज वाहू लागते, त्यामुळे ऋण बाजूला तीव्र अल्कली तयार होते आणि ती अन्ननलिका जाळते. दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. खेळण्यात निकामी ठरलेल्या सेलमध्येही एवढी वीज शिल्लक असते.

मुलाने सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी काढायला लावू नये, केळे किंवा भाताचा गोळा खायला घालू नये, आणि ‘उद्या शौचातून जाईल’ असे म्हणून घरी थांबू नये. क्ष-किरण तपासणीची आणि दुर्बिणीने सेल काढण्याची सोय असलेल्या रुग्णालयात ताबडतोब न्यावे, आणि शक्य असल्यास त्याच प्रकारचा दुसरा सेल किंवा त्याचे वेष्टन बरोबर न्यावे. नाण्यासारखा दिसणारा सेल क्ष-किरणात नाण्यापासून ओळखताना त्याची मदत होते. नाकात किंवा कानात घातलेला सेलही तितकाच तातडीचा समजावा.

दिवाळीच्या प्लास्टिकच्या पणत्या विकत घेताना खालचे झाकण स्क्रूने बसवलेले आहे की नुसते नखाने उघडते, हे पाहून घ्यावे. स्वस्त पणत्यांत बहुधा दुसरा प्रकार असतो.

निपाणीचा दुकानदार

माझे विजेच्या सामानाचे दुकान आहे. वरची चर्चा वाचताना मला असे जाणवले की सर्वजण ग्राहकाच्या बाजूने लिहीत आहेत, म्हणून व्यापाराची बाजू मांडतो.

इन्व्हर्टरच्या आणि गाडीच्या बॅटरीची काळजी कोणी करू नये, कारण तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिशाचा असतो आणि त्या शिशाला भाव आहे. जुनी बॅटरी दिली की नवीच्या किमतीत सूट मिळते, त्यामुळे ती कधीच कचऱ्यात पडत नाही. तिच्या बाबतीत धोका वेगळा आहे. दुकानापेक्षा चार पैसे जास्त देणाऱ्या भंगारवाल्याला ती विकली, तर ती पुढे अशा ठिकाणी जाऊ शकते जेथे आम्ल गटारात ओतून शिसे उघड्यावर वितळवले जाते, आणि त्या शिशाची धूळ आसपासच्या मुलांच्या रक्तात जाते. तेव्हा जुनी बॅटरी नवी घेताना दुकानातच द्यावी आणि बिलावर तिची नोंद करून घ्यावी.

मोबाइलच्या बॅटरीतही कोबाल्ट आणि निकेल असल्यामुळे तिला गिऱ्हाईक मिळते. पेन्सिल सेलला मिळत नाही. त्यातून निघणारे जस्त, मँगनीज आणि लोखंड यांची किंमत ते गोळा करून नेण्याच्या भाड्यालाही पुरत नाही, म्हणून भंगारवाला तुमच्या डब्यातून मोबाइलच्या बॅटऱ्या उचलील आणि सेल तसेच ठेवून जाईल. अनगोळकर ज्यांना किरकोळ म्हणतात त्या सेलची अडचण विषारीपणापेक्षा ही आहे. २०२२ च्या नियमांनी त्यावर उपाय सांगितला आहे तो असा, की बॅटरी बनवणाऱ्या किंवा आयात करणाऱ्या कंपनीने ती परत गोळा करून पुनर्चक्रणाला देण्याची जबाबदारी स्वतः घ्यावी, म्हणजेच भाड्याचा तोटा तिने सोसावा. लहान बॅटऱ्यांमधून २०२६-२७ पासून वजनाच्या ९० टक्के साहित्य परत मिळवण्याचे बंधन पुनर्चक्रण करणाऱ्यांवर आहे. अनामत रक्कम ठेवून ती सेल परत दिल्यावर ग्राहकाला देण्याची योजनाही कंपन्यांना राबवता येते.

पूर्वी सोड्याच्या बाटलीला अनामत असे आणि एकही बाटली रस्त्यावर दिसत नसे. सेलच्या पाकिटावर दोन रुपये अनामत ठेवली तर लोक ते स्वतः होऊन दुकानात आणतील. एकट्या दुकानदाराला हे परवडणार नाही, आणि लिथियमचा साठा दुकानात ठेवायला तर मी स्वतः तयार होणार नाही. माझ्या माळ्यावर वायरी आणि पुठ्ठ्याचे खोके आहेत.

खानापूरकर

आमच्याकडे जंगलपट्ट्यातील वाड्यांवर पावसाळ्यात वीज दिवसेंदिवस नसते, त्यामुळे सौर कंदील, चार्जिंगची विजेरी आणि पॉवर बँक घरोघरी आहेत. ते बिघडले की कोठे द्यावेत हे कोणालाच माहीत नाही, आणि परसात खड्डा खणून पुरणे हाच रिवाज आहे. दोन प्रश्न आहेत. जुनी लिथियम बॅटरी मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवली की निर्धोक होते, असे एका चित्रफितीत पाहिले, ते खरे आहे का? आणि कंदील उघडून आतली बॅटरी वेगळी काढून द्यावी की कंदील तसाच द्यावा?

उद्यमबागचा कारागीर

मिठाच्या पाण्याचा प्रयोग घरी करू नये. त्या पाण्यातून हायड्रोजन सुटतो, टोके वरवर गंजून जातात आणि वीज आतच राहते, म्हणजे बॅटरी उतरली असे वाटते आणि ती उतरलेली नसते. शिवाय उरलेले दूषित पाणी शेवटी परसातच ओतले जाणार. बॅटरी पूर्ण उतरवण्याचे काम पुनर्चक्रण कारखान्यात नियंत्रित पद्धतीने होते. त्यानंतर प्राणवायू नसलेल्या वातावरणात तिचे तुकडे करतात, प्लास्टिक, तांबे आणि ॲल्युमिनियम वेगळे काढतात, आणि उरलेल्या काळ्या भुकटीतून आम्लाच्या साहाय्याने लिथियम, कोबाल्ट, निकेल व मँगनीज मिळवतात. घरी करण्यासारखे यात काहीही नाही.

बॅटरी हाताने सहज निघत असेल तर काढून टोके झाकावीत. आत बसवलेली असेल तर उपकरण तसेच द्यावे, तो ई-कचरा समजला जातो आणि त्याचे वेगळे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. पेचकस घालून फुगलेली बॅटरी उचकटणे हा आमच्या धंद्यातील हात भाजण्याचा सर्वात ठरलेला मार्ग आहे. जुन्या सौर कंदिलांत शिसे-आम्लाची लहान चौकोनी बॅटरी असते. कंदील हातात जड लागला तर ती असण्याची शक्यता धरावी, आणि ती इन्व्हर्टरवाल्या दुकानात चालते का ते विचारावे.

पांढरी भुकटी आलेल्या सेलविषयी काहींनी मला वैयक्तिक निरोपातून विचारले, तेही येथेच लिहितो. अल्कलाइन सेलमधील पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येऊन हवेतील कार्बन डायऑक्साइडशी मिळते आणि ती भुकटी तयार होते. नुसत्या हाताने किंवा फुंकून ती काढू नये. हातमोजे घालून सेल काढावा, रिमोटमधील पत्र्या कापसाच्या बोळ्यावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घेऊन पुसाव्यात आणि कोरड्या कराव्यात. रिमोट बहुधा वाचतो.

टिळकवाडीकर

सर्वांचे आभार. चर्चेवरून आमची योजना बदलली आहे. वाचनालयात फक्त साधे सेल आणि चिकटपट्टीत गुंडाळलेले बटण सेल घेतले जातील, बटण सेल कपाटात कुलपाखाली राहतील. लिथियमची बॅटरी आम्ही साठवणार नाही. महिन्यातून एका ठरलेल्या रविवारी उघड्या अंगणात ती स्वीकारायची आणि त्याच दिवशी रवाना करायची. मात्र त्यासाठी नेणारा आधी ठरलेला हवा, आणि तो साधे सेलही नेईल अशी अट त्याच वेळी घातली पाहिजे, हा निपाणीकरांच्या लिखाणातून मिळालेला मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत उत्पादक आणि पुनर्चक्रण करणारे यांची यादी आहे. तीतील कर्नाटकातील नावांना पत्रे लिहिण्याचे काम दोघांनी घेतले आहे.

महापालिकेला द्यावयाच्या निवेदनाचा मसुदाही होतो आहे. घातक कचरा घेणाऱ्या केंद्रांचे पत्ते वॉर्डनिहाय जाहीर करावेत, सणांनंतरच्या आठवड्यात कचरागाडीला सेलसाठी वेगळा डबा लावावा, आणि या सूचना मराठी व कन्नड दोन्ही भाषांत लावाव्यात, अशा मागण्या त्यात आहेत. गाडीवर डबा लावायचा झाल्यास सफाई कामगारांना हातमोजे आणि लिथियम ओळखण्याची माहिती आधी दिली पाहिजे, असे वाक्य मी आज त्यात घातले.

अनगोळकर

पेन्सिल सेलबाबतचा माझा आक्षेप मी मागे घेत नाही, धोका लिथियमइतका नाहीच. परंतु नेणाऱ्याने दोन्ही न्यावेत ही अट मला मान्य आहे. मसुद्याचा कन्नड अनुवाद माझ्या मुलीकडून करून देतो. आईच्या श्रवणयंत्राचे लहान सेल दर आठवड्याला निघतात, ते बटण सेलमध्येच टाकायचे ना?

उद्यमबागचा कारागीर

होय, त्यांतच. ते जस्त-हवा प्रकारचे असतात, पाठीवरच्या बारीक छिद्रांतून हवा घेतात. नव्या सेलवरचा रंगीत कागद वापरण्याआधीच काढू नये, कारण तो काढला की सेल बसल्या जागी उतरू लागतो. वापरून झालेले सेल मात्र इतर बटण सेलप्रमाणे चिकटपट्टीत घालून द्यावेत. ते शेंगदाण्याहून लहान असतात, म्हणून घरात नातवंडे असतील तर आठवड्याचा सेल त्याच दिवशी उंचावर ठेवावा.